डिस्क वाचल्या, कागद गेले: जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते आणि त्यांचे वारस, तसंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली सर्व मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. 34 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत ते छातीपर्यंत चढलं होतं. त्याच खोलीत माझं सिनेमांचं कपाट होतं. साडेतीनशेच्या आसपास डिस्क, वीस वर्षांत जमवलेल्या. काही मुंबईहून आणलेल्या, काही डाकेने मागवलेल्या, आणि बऱ्याचशा न्यू जर्सीला राहणाऱ्या भाच्याने दर सुट्टीत बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आणलेल्या. गावात त्या दिवशी लोकांची दुकानं गेली, घरं गेली, माणसं गेली. त्यापुढे माझ्या कपाटाचं काय ते दुःख, म्हणून आजवर त्याबद्दल कुठे लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण त्या पुराने मला जे दाखवलं ते आपल्याला सांगायला हवं असं मनापासून वाटतं. जुने मराठी चित्रपट डिस्कवर काढाल तेव्हा ते कसे काढावेत, याबद्दलचं हे सांगणं आहे.

पाणी ओसरल्यावर आम्ही डिस्क एकेक करून धुतल्या. आधी साबणाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग मलमलीच्या फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे पुसून, चादरीवर ओळीने वाळत घातल्या. डिस्क ज्या प्लॅस्टिकची असते ते पॉलीकार्बोनेट पाण्याला दाद देत नाही. दहा-बारा सोडल्या तर सगळ्या डिस्क आजही लागतात. पण पुठ्ठ्याच्या बॉक्सचा लगदा झाला. आतल्या पुस्तिका चकाकणाऱ्या आर्ट पेपरवर छापलेल्या होत्या, आणि तो कागद भिजून वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. माझ्या हातात पुस्तिकांच्या विटा उरल्या. प्लॅस्टिकच्या डब्या धुऊन निघाल्या, त्यांच्यावरची कव्हरं मात्र गेली.

मग मी बाजारातून पांढरी पाकिटं आणली, त्यांत डिस्क घातल्या आणि वर पेनाने नावं लिहिली. सिनेमे तेच होते. तरी पहिल्या काही महिन्यांतच जाणवलं की आपण काहीतरी मोठं गमावलं आहे. एखाद्या मुलाचा जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आजोबांची पत्रं सगळं गेलं आणि मूल तेवढं समोर उभं आहे, तसं ते होतं.

कागदात काय होतं ते सांगते. सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांचा संच भाच्याने आणला होता, क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशकाने 2015 मध्ये काढलेला. 1993 मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीला आग लागली आणि तिथे असलेल्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ते जळके, ठिसूळ तुकडे कुणी फेकून दिले नाहीत. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहात ते वीस वर्षं जपून ठेवले गेले. मग इटलीत बोलोन्या इथल्या तंत्रज्ञांनी फिल्मला पुन्हा ओलावा दिला, कडेची फाटलेली छिद्रं हाताने सांधली, वितळून चिकटलेली टेप सोडवली. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हचा सुमारे 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून जास्त भाग वापरता आला. उरलेला भाग दुसऱ्या प्रतींमधून भरून काढला. हे सगळं कळल्यावर मी 'पथेर पांचाली' पुन्हा पाहिला. दुर्गा आणि अपू कासाच्या फुलांतून धावतात ते दृश्य आलं आणि यातली कुठली चौकट (फ्रेम) आगीतून आली असेल या विचाराने माझा श्वास अडला. सिनेमा मी आधी चार वेळा पाहिला होता. या नजरेने पाहायला मला त्या संचातल्या कागदांनी शिकवलं.

किंवा फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारचा 'ग्रँड इल्यूजन' घ्या. क्रायटेरियन प्रत्येक डबीच्या कण्यावर, म्हणजे पाठीच्या पट्टीवर, क्रमांक छापतं; डीव्हीडींमधला क्रमांक 1 त्याचा आहे, तरी तो बाजारात आला 1999 मध्ये, इतर अनेकांच्या मागून. कारण तयारी चालू असताना मूळ निगेटिव्ह हाती येण्याची शक्यता दिसली, आणि प्रकाशक थांबला. ती निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिसहून बर्लिनला नेली होती, तिथून ती मॉस्कोला गेली, आणि शेवटी फ्रान्समध्येच तुलूझच्या संग्रहात ओळखू न येता पडून होती. कपाटात 2, 3, 4 क्रमांक उभे आहेत आणि 1 ची जागा रिकामी आहे, असं संग्राहकांनी वर्षभर पाहिलं. त्या रिकाम्या जागेचं कारण कळलं की क्रमांकाचं वेड पोरकट वाटत नाही.

आता आपल्या घराकडे वळते.

प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो 57 आठवडे चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या गौरवाचं मानपत्र कितीतरी वर्षं हरवलेलं होतं. 1974 मध्ये ते एका सिनेछायाचित्रकाराला बंगळुरूत कचऱ्याच्या ढिगात सापडलं, आणि 2004 मध्ये पुण्याच्या संग्रहालयात पोहोचलं. मराठी सिनेमाला जगाने दिलेल्या पहिल्या मोठ्या सन्मानाचा कागद कचऱ्यात पडला होता! चित्रपट टिकला, कागद जवळजवळ गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी 2003 मध्ये, पुण्यात जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या निगेटिव्हही तीत गेल्या. हे सगळं आपण माझ्यापेक्षा जवळून जाणता. मला एवढंच म्हणायचं आहे की अशा प्रत्येक गोष्टीची नोंद चित्रपटाबरोबर प्रवास करायला हवी. फाइलमध्ये राहिली तर ती आपल्यापुरती राहते.

'राजा हरिश्चंद्र'चंच बघा. आज पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं आहे. ती रिळं 1913 च्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. भारतीय सिनेमाच्या उगमाबद्दलचा हा वाद मराठी वाचकाने कुठे वाचावा? फाळक्यांचाच 'कालिया मर्दन' आणि ही दोन रिळं एका डिस्कवर, सोबत तीस-चाळीस पानांची मराठी पुस्तिका, तीत दोन्ही बाजू मांडलेल्या, असा एक संच निघाला तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेने तो घ्यावा. मी आमच्या शाळेसाठी पहिल्या दिवशी घेईन.

पुस्तिका ही परदेशी चैन आहे असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. डिस्कच्या पन्नास-साठ वर्षं आधी आपल्याकडे सिनेमाच्या चोपड्या होत्या. थिएटरच्या दारात आणा-दोन आण्यांना मिळायच्या. वर पोस्टरचं चित्र, आत नटनट्यांची नावं, कथासार, आणि सगळी गाणी. कथासाराच्या शेवटी वाचकाला अर्ध्यावर सोडून दिलेलं असायचं, पुढचं पडद्यावर पाहा म्हणून. बायका त्या चोपड्या घरी नेऊन गाणी पाठ करायच्या. संग्रहालयाकडे अशा चोपड्यांचा मोठा साठा आहे. सिनेमासोबत छापील कागद द्यायची रीत आपलीच आहे, ती फक्त मध्येच तुटली.

कशी तुटली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आधी व्हीसीडी आल्या. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासचाच सिनेमा मावायचा, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क असायच्या. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, आणि मला त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. आमच्यासारख्यांना मुंबईच्या फिल्म सोसायटीत जाता येत नव्हतं, त्यांच्या घरात सिनेमा त्या दराने आला. पण एकूण बाजारात डिस्कभोवतीचं सगळं गळून गेलं. माझ्याकडे एका गाजलेल्या मराठी चित्रपटाची डीव्हीडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मागच्या बाजूला दिग्दर्शकाचं नाव नव्हतं. वर्ष नव्हतं. लांबी 'अंदाजे अडीच तास' आणि आत सिनेमा दोन तास चार मिनिटांचा. समोरच्या चित्रात नायिकेशेजारी जो नट होता तो त्या चित्रपटात नव्हताच. चित्रात सतत कोपऱ्यात कंपनीची खूण, आणि वरून-खालून चित्र इतकं कापलेलं की लोक कपाळाशिवाय बोलत होते. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौरस, 1.37 ला 1 अशी. ती आजच्या रुंद टीव्हीवर पूर्ण भरवली की उंचीतला जवळजवळ चौथा हिस्सा जातो.

दोन तास चार मिनिटं हा आकडा मात्र मला खूप दिवस सतावत होता. गाणी कापली असतील, की आणखी काही? इथे माझा धाकटा भाऊ मदतीला आला. तो हार्मोनियम वाजवतो. एका गाण्याबरोबर सूर जुळवायला बसला आणि म्हणाला, "ताई, हे गाणं काळी एकमध्येही बसत नाही आणि पांढरी दोनमध्येही नाही. मध्येच कुठेतरी आहे." जुन्या ध्वनिमुद्रणाचा वेग थोडा इकडेतिकडे असतोच, पण सगळीच गाणी सारखीच चढलेली होती. तेव्हा निदान काही मिनिटांचा उलगडा झाला. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत पाल, ती 25 चौकटींची. डीव्हीडी करताना सोपा मार्ग म्हणून सिनेमा तेवढा वेगाने पळवतात. चार टक्के वेळ कमी होतो आणि सूर अर्ध्या सुराच्या थोडा आत एवढा वर चढतो. ज्या गायिकेचा आवाज आपण आयुष्यभर ऐकला, ती त्या डिस्कवर वेगळ्याच पट्टीत गाते. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कवर 24 चौकटी जशाच्या तशा देता येतात, तिथे हा प्रश्न राहत नाही.

म्हणून एक साधी विनंती, आणि या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते, पूर्वी फुटांत, नंतर मीटरमध्ये. ती लांबी डबीच्या मागे छापा. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे 27.4 मीटर धावते. 3,000 मीटरचा चित्रपट साधारण 109 मिनिटांचा व्हायला हवा. पाल डीव्हीडीवर तोच 105 मिनिटांचा दिसेल आणि त्यात काहीही कापलेलं नसेल. पण 98 मिनिटांचा दिसला तर सात मिनिटं कुठेतरी गेली आहेत. सातवीतल्या मुलाला जमणारं हे गणित आहे. त्या एका आकड्याने ग्राहकाला खरेदीआधीच कळेल की हातात काय पडतं आहे, आणि काही भाग मिळालाच नसेल तर तेही तिथेच सांगा. "दुसरं गाणं उपलब्ध प्रतीत नाही" असं छापलेलं वाचून कुणी डिस्क परत ठेवणार नाही. उलट विश्वास बसेल. आणि कुणाच्या माळ्यावर ते रीळ पडलं असेल तर तो माणूस आपल्याला कळवेल.

आता पुठ्ठा की प्लॅस्टिक. संग्राहकांच्या जगात यावर हिरिरीने वाद होतात आणि मला ते कधीच क्षुल्लक वाटले नाहीत. 2008 च्या अखेरीस क्रायटेरियनने ब्लू-रे काढायला सुरुवात केली तेव्हा पहिले काही चित्रपट पुठ्ठ्याच्या वेष्टनात आले. लोकांनी तक्रारी केल्या, कडा दबतात, कोपरे झिजतात. थोड्याच काळात त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी स्वीकारली आणि जुन्याही तशाच पुन्हा काढल्या. मोठे संच मात्र आजही बहुतेक पुठ्ठ्यातच येतात. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 2018 चा संच 39 चित्रपटांचा, 30 डिस्कचा, सोबत 248 पानांचं पुस्तक. फार देखणी वस्तू आहे ती. पण तीत डिस्क पुठ्ठ्याच्या खाचांत सरकवलेल्या, आणि काढता-घालताना ओरखडे येतात म्हणून लोक आजही कुरकुरतात. पुस्तिकेऐवजी घडीचं मोठं पत्रक देण्यावरूनही असाच वाद झाला. माझं मत सांगू? पत्रक नको. चार वेळा उघडलं की घडीवर फाटतं.

हे सगळे वाद करणारे लोक कोरड्या हवेत राहतात. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून चार महिने भिंतीला पाझर असतो. पूर नसला तरी पुठ्ठ्यावर ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी धरते, कडेचा डिंक सुटतो, आणि कसर आत शिरून कागदाची चाळण करते. पत्र्याची डबी तर आणखी वाईट, दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या कडेला गंजाची रेघ आली. मुंबईत, गोव्यात, सगळ्या किनारपट्टीवर हेच. म्हणून आपल्या चित्रपटांसाठी डबी प्लॅस्टिकचीच हवी, चांगल्या जाडीची, आणि डिस्क धरून ठेवणारी मधली कळ बोटाने दाबताच सोडणारी. ती घट्ट असली की डिस्कला मधल्या भोकापाशी बारीक चीर जाते आणि एक दिवस ती चीर बाहेर सरकते. पुस्तिका साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर छापा. फोटो थोडे फिके येतील, चालेल. माझ्या लगद्यात ज्या दोन पुस्तिकांची पानं सुटी झाली आणि वाळवून वाचता आली, त्या दोन्ही साध्या कागदावरच्या होत्या.

कव्हराबद्दल थोडंसं. राय स्वतः चित्रकार, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः करायचे. प्रभातचे साहेबमामा फत्तेलाल मुळात चित्रकारच. ज्यांनी चित्रपट केला त्यांच्याच काळातलं पोस्टर हाताशी असताना नव्याने संगणकावर कापून जोडलेले चेहरे कशाला? मूळ पोस्टर स्वच्छ करून समोर छापा. प्रमाणपत्राची खूण आणि इतर मजकूर ब्रिटनच्या रेडियन्ससारखे प्रकाशक एका वेगळ्या कागदी पट्टीवर देतात. ती पट्टी काढून ठेवली की चित्र मोकळं होतं. आणि कण्यावर नाव देवनागरीत. माझ्या कपाटात जपानी, फ्रेंच, बंगाली चित्रपट इंग्रजी अक्षरांत उभे असायचे, ते परक्या प्रकाशकांचे होते, ठीक आहे. पण मराठी चित्रपटांच्या कण्यावरही इंग्रजीच. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही नावं शिरोरेघेसकट उभी छापलेली एका ओळीत पाहायची मला फार इच्छा आहे. हे तिन्ही चित्रपट हिंदीतही वेगळे चित्रित झाले होते, 'दुनिया न माने', 'आदमी', 'पडोसी' या नावांनी. एकाच डबीत दोन डिस्क, एक मराठी आणि एक हिंदी. तेच सेट, तोच दिग्दर्शक, भाषा बदलली की अभिनयाची लय कशी बदलते ते घरी बसून ताडून पाहता येईल. असा संच जगात कुठेही निघाला तरी लोक रांग लावतील.

डिस्कचे दिवस संपले, असं आपल्याला सांगणारे पुष्कळ असतील. नेटफ्लिक्सने डाकेने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर 2023 मध्ये बंद केलं हे खरं आहे. पण ज्यांना जुना सिनेमा जपायचा आहे त्यांच्यासाठी काढणारे छोटे प्रकाशक त्याच काळात वाढले. पुण्याच्या संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट लंडनच्या सेकंड रन या छोट्या प्रकाशकाने डिस्कवर आणला. नर्तक उदय शंकर यांचा 1948 चा 'कल्पना' आज ब्लू-रेवर मिळतो तो अमेरिकेतल्या एका संचात. ब्लू-रेला जगाच्या विभागांप्रमाणे कुलूप घालता येतं. त्या अमेरिकी ब्लू-रे ए विभागाच्या, आपला विभाग सी. भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या लागत नाहीत. मी भाच्याकडून सगळे विभाग चालवणारा प्लेअर मागवला म्हणून मला पाहता आल्या. फोरके, म्हणजे आणखी बारीक तपशील दाखवणाऱ्या, ब्लू-रेला विभागांचं कुलूपच नाही, तेव्हा नव्याने काढायचं तर तोही विचार करावा. ऑनलाइन सिनेमा आज आहे, करार संपला की उद्या नाही, आणि तिथे पुस्तिकाही नाही. याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न मला मान्य आहे. त्याचं उत्तर मराठी प्रकाशकांनी फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. मोठे ग्रंथ, अनेक खंडांचे प्रकल्प आपल्याकडे प्रकाशनपूर्व नोंदणीवर निघाले. आधी पैसे, नंतर खंड, नोंदणी करणाऱ्याला सवलत. माझ्या वडिलांनी पगारातून हप्ते भरून असे खंड घेतले होते. एका चित्रपटासाठी हजार जणांची नोंदणी उघडा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, गोवा, बडोदा, इंदूर, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना जमणारी अमेरिकेतली मंडळी. हजार नावं होणार नाहीत असं मला वाटत नाही. झाली नाहीत तर पैसे परत करा, कुणी राग धरणार नाही.

सुरुवात कुठून करायची तेही सुचवते. 'श्यामची आई'. 1953 चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा. संग्रहालयातल्या निगेटिव्हवरून त्याची नवी प्रत झाली आणि 2023 मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ती दाखवली गेली. म्हणजे सर्वांत अवघड काम झालेलं आहे. मी तेव्हा गोव्याला जाऊ शकले नाही. हा चित्रपट म्हणजे कोकणच आहे, दापोलीजवळच्या पालगडचा श्याम तो. तो नव्या रूपात पालगडच्या शाळेत पोहोचायला हवा. आणि कृपा करून मराठी उपशीर्षकं द्या. इंग्रजी तर द्याच, पण मराठीही. माझ्या आईला शेवटची दहा वर्षं ऐकू येत नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिने आयुष्यभर पाहिलेले मराठी सिनेमे तिला शेवटी नुसते चित्र म्हणून बघावे लागले.

आणखी एक. आमच्या घरात पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं नाही. तिथे आजीची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात 'कुंकू'ची चोपडी सापडली. मागचं पान नाही, मधल्या दोन पानांना कसर लागली आहे, पण गाणी सगळी वाचता येतात आणि एका गाण्याच्या समासात आजीच्या हातची शिसपेन्सिलीची खूण आहे. संग्रहालयाकडे तिची प्रत असेलच. नसेल, किंवा असलेली प्रत अपुरी असेल, तर मी ही चोपडी घेऊन पुण्याला येईन. लॉ कॉलेज रस्त्यावर आपल्या दारात उभी राहीन, आपण ती स्कॅन करून घ्या आणि डिस्क काढाल तेव्हा पुस्तिकेत छापा. आजीचं नाव घालायची गरज नाही. पेन्सिलीची खूण मात्र पुसू नका.

आपली,
चिपळूणची एक निवृत्त शिक्षिका